साड्यांखालचे पाकीट

मी सोनमला 'ये' म्हणालो नाही. पुढे जे लिहिणार आहे ते सगळे या एका न उच्चारलेल्या शब्दाचे आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

पाकीट आमच्या लोखंडी कपाटात, माझ्या पत्नीच्या इरकली साड्यांच्या खाली होते. हेमावतीला त्याचा राग होता. "कपाट माझं, साड्या माझ्या, आणि आत काय आहे ते मात्र मला विचारायचं नाही," असे ती दर सणाला साडी काढताना म्हणे. पाकिटात एक कागद होता आणि कागदावर एक आकडा. जगात तो आकडा मला एकट्यालाच माहीत होता. हे मी अभिमानाने सांगत नाही. तशी व्यवस्थाच होती.

ज्या प्रयोगासाठी ही व्यवस्था होती तो युरोपातल्या एका प्रयोगशाळेत चालतो. सोनम तिथे चार वर्षे संशोधन करते आहे. त्याआधी सोलापूरच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ची तीन वर्षे ती माझी विद्यार्थिनी होती. प्रयोगाचा विषय थोडक्यात असा: विश्वातले बहुतांश द्रव्य दिसत नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात आणि ते कशाचे बनले आहे हे कोणालाही माहीत नाही. एक तर्क असा की ते स्टराइल न्यूट्रिनो नावाच्या कणांचे असावे. साधा न्यूट्रिनोच मुळात कशाला फारसा शिवत नाही. हा त्याहून अलिप्त. त्याला पकडण्याचा प्रश्नच येत नाही. पण ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनच्या, अणुकेंद्राचा ऱ्हास होताना जो इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्याची ऊर्जा मोजता येते. असे अब्जावधी इलेक्ट्रॉन मोजले की एक गुळगुळीत आलेख मिळतो. त्यातल्या अगदी थोड्या वेळी जरी साध्या न्यूट्रिनोऐवजी तो जड, अलिप्त कण निघून गेला असेल, तरी तो आपल्या वाट्याची ऊर्जा घेऊन जाईल आणि आलेखात एका ठरावीक जागी बारीकसा मोड पडेल. मोडाच्या जागेवरून कणाचे वस्तुमान कळेल. असा मोड आजवर कोणालाही खात्रीने सापडलेला नाही. पूर्वी एकदा सापडला असे वाटले होते. कित्येक वर्षे वाद चालला आणि अखेर तो मोजमापाचा दोष निघाला.

माणसाला जे हवे असते ते त्याला दिसू लागते. शास्त्रज्ञाला ते जरा लवकर दिसते, कारण त्याच्याकडे आलेख असतात. यावर उपाय म्हणून नोंदींमध्ये मीठ घालतात. आमच्या क्षेत्रात याला हाच शब्द आहे. नोंदी विश्लेषण करणाऱ्यांच्या हाती जाण्याआधी एक प्रोग्राम त्यात खोटा मोड मिसळतो, किंवा मिसळत नाही. मिसळायचा की नाही आणि मिसळला तर कुठे, हे यंत्रच चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवते. विश्लेषण करणाऱ्यांना एवढेच ठाऊक असते की मीठ असू शकेल. ते शोधतात, तपासतात, निष्कर्ष लिहून गोठवतात, म्हणजे नंतर त्यात बदल करत नाहीत, आणि मग ठरल्या दिवशी पाकीट उघडते. हा प्रोग्राम मी लिहिला होता. निवृत्तीआधी काही वर्षे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी त्या प्रयोगशाळेत काम केले होते. शिवाय आता माझा नोंदींशी संबंध उरला नव्हता, म्हणून पाकीटही माझ्याकडेच आले. सोनम माझी विद्यार्थिनी आहे हे मी प्रयोगाच्या प्रमुखांना लेखी कळवले होते. त्यांचे उत्तर आले की तुम्ही कोणाला झुकते माप देणाऱ्यांतले नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

कागदावर लिहिले होते: मीठ आहे. वस्तुमान ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट.

सप्टेंबरमध्ये त्यांना मोड दिसला. पुढच्या तपासणीची जबाबदारी सोनमकडे आली. ऑक्टोबरच्या अखेरीस तिचे वडील सिद्धाप्पा सोलापूरच्या एका रुग्णालयात दाखल झाले. यकृताचा कर्करोग, शेवटच्या टप्प्यातला.

सिद्धाप्पा धनगर. त्यांचे गाव माळशिरस तालुक्यात, कालवा जिथे पोचत नाही त्या बाजूला. ऐंशी मेंढ्या, थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा धनाजी श्रीपूरला साखर कारखान्यात हंगामी कामावर. गाळप नुकते सुरू झाल्यामुळे त्याला रोज येणे जमत नव्हते. आई केराबाई रुग्णालयातच, पलंगाशेजारी खाली चटईवर. त्यामुळे सकाळी अकरा वाजता डबा घेऊन जाणे माझ्याकडे आले. मी ते आनंदाने केले असे म्हणणार नाही. रुग्णालये मला आवडत नाहीत. पण सिद्धाप्पांशी बोलणे आवडू लागले होते.

एक दिवस त्यांनी विचारले, "सर, माझी पोरगी तितं नेमकं काय हुडकतीया?"

मी जमेल तसे सांगितले.

"दिसत न्हाय?"

"नाही."

"हाताला लागत न्हाय?"

"नाही."

"मग हाय म्हंता ते कशावरनं?"

"आहे असं कोणी म्हणत नाही. असेल तर मागे जे राहतं त्यावरून कळेल."

ते थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी वाघरीवानी." वाघर म्हणजे मेंढरे रात्री कोंडण्यासाठी लावतात ते जाळीचे कुंपण. "सांजच्याला मेंढरं वाघरीत घालताना आमी मोजत न्हाय. माझ्या बाला तर मोजताबी येत नव्हतं. पर एकादी मेंढी मागं ऱ्हायली की तिचं कोकरू वरडतंय. भुकंचं वरडणं येगळं आन ह्ये येगळं. त्येच्यावरनं कळतं कोण आलं न्हाय."

"अगदी तेच," मी म्हणालो.

"मग त्येला एवढ्या लांब कशाला जायचं? हितंच शिकिवलं असतं की मी." ते हसले आणि हसता हसता खोकला लागला. केराबाईंनी पाण्याचा पेला पुढे करत मला सुनावले, "सर, हसवू नका त्यास्नी. मग मला रातभर जागाय लागतंय."

तीन नोव्हेंबरला डॉक्टरांनी दोन ते तीन आठवडे सांगितले. चार तारखेला दुपारी सोनमचा फोन आला.

"सर, व्हिडिओ बंद ठेवते. तुमचा चेहरा बघितला तर उगाच काहीतरी कळेल."

"ठेव."

"अप्पा कसे आहेत? डॉक्टरांचं नको. तुम्हाला दिसतं ते सांगा."

"डोळे पिवळे आहेत. वजन गेलं आहे. बोलणं स्वच्छ. डॉक्टर तीन आठवड्यांपर्यंत म्हणतात. मला दोन वाटतात."

मग ती सलग बोलली, परीक्षेत पाठ केलेले उत्तर द्यावे तशी. ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उपकरणात सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनने करायची तपासणी उद्यापासून चौदा तारखेपर्यंत आहे. तिच्याशिवाय मोड उपकरणाचा आहे की नाही हे ठरत नाही. नंतर ट्रिटियमचा पुरवठा देखभालीसाठी बंद होईल तो मार्चपर्यंत. गन चालवणाऱ्या दोघीच आहेत आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर आहे.

"धनाजी म्हणतो ये. अप्पांना विचारलं तर म्हणतात काम टाकून येऊ नको. आई नुसती रडते. सर, दोन्ही बाजू माहीत असलेले तुम्ही एकटेच आहात. मी मोडाबद्दल विचारत नाही. ते कधीच विचारणार नाही. एवढंच विचारते, मी यावं का?"

तिने प्रश्न अतिशय प्रामाणिकपणे मांडला होता, आणि नेमकी तीच अडचण होती. 'ये' म्हणालो असतो तर तिला कळले असते की तिकडे थांबण्यासारखे काही नाही. 'येऊ नको' म्हणालो असतो तर कळले असते की आहे. दोन्ही शब्दांत पाकिटातला मजकूर होता. मजकूर नसलेले एकच वाक्य मला सुचले.

"तो निर्णय तुझा आहे, सोनम. मला त्यात बोलता येणार नाही."

"बरं, सर," ती म्हणाली. फोन ठेवण्याआधी तिने डब्याबद्दल माझे आभार मानले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. नियमांमध्ये एक कलम होते: गंभीर कारण असल्यास पाकीट सांभाळणाऱ्याला ते मुदतीआधी उघडता येईल. हे कलमही मीच लिहिले होते. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उपकरणातले चुंबक निकामी होणे, ट्रिटियमची गळती अशी कारणे होती. त्या दिवशी मी ते कलम काढून दोनदा वाचले. एका माणसाचे यकृत त्यात बसते असे मला वाटले नाही.

हेमावती दारात उभी होती.

"त्या पोरीला ये म्हणायला तुमचं काय जात होतं?"

"ये म्हटलं तर तिला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

मी नियमांचे कागद आवरू लागलो.

"राहू द्या. मला कळलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तोंड बघतेय तुमचं. तिकडे काही नाही. ती पोरगी उगाच बसली आहे तिथे."

"हे तू तिला सांगणार नाहीस."

"मी कोण सांगणार? मला कुठे काय माहीत आहे? मी आपली साड्या सांभाळते." ती आत गेली. त्या आठवड्यात ती डबा भरून देत होती आणि माझ्याशी कामापुरते बोलत होती.

सहा तारखेला सिद्धाप्पांनी विचारले, "घावलं का तिला?"

हा माणूस विश्लेषणात नव्हता. त्याला खरे सांगायला नियमाची आडकाठी नव्हती. पण पलंगावर उशीजवळ फोन होता आणि रोज संध्याकाळी त्यावर सोनम येत असे.

"अजून नक्की नाही," मी म्हणालो.

"मग हाक मारू नका तिला. धनाजीलाबी सांगितलंय मी. हुडकाय गेलेल्याला मागनं हाक मारायची न्हाय, आमच्यात मारत न्हाईत. हाक आली की माणूस मागं बघतो, आन तेवढ्यात मेंढरू निसटतं." ते दमले होते. जरा थांबून म्हणाले, "घावलं की येतीया. लई चिकट हाय. बारकी असताना एकदा कोकरासाठी दीस मावळंपतूर ओढ्यात हिंडत व्हती. घिऊनच आली."

मी डबा उघडून दिला. त्यांनी दोन घास घेतले.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी नर्सला सांगून पलंग फिरवून घेतला होता. तोंड दाराकडे. मी कारण विचारले. "खिडकीतनं ऊन येतं तोंडावर," ते म्हणाले. ती खिडकी उत्तरेला होती. नोव्हेंबरात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही. त्यांनाही ते माहीत असणार, आयुष्य उन्हात गेलेला माणूस. मी काही बोललो नाही. त्या आठवड्यात हे दुसऱ्यांदा.

अकरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास ते गेले. मी अकरा वाजता डबा घेऊन पोचलो. केराबाई चटईवरच बसल्या होत्या. पलंग तसाच होता, दाराकडे तोंड केलेला, त्यामुळे आत पाऊल टाकताच पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला. त्या दिवसापर्यंत दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तो तसाच आधी दिसत असणार. प्रत्येक वेळी दार उघडले की तिथे मी असायचो, नर्स असायची, किंवा झाडू मारणारी बाई.

धनाजीने तिला फोन केला. आता घाईने येऊन काय करणार, काम संपवूनच ये, असे त्यानेच सांगितले. बाप गेल्यावर तोही बापासारखाच बोलू लागला होता. तिने चौदा तारखेपर्यंत मोजणी पूर्ण केली. मी नंतर ती नोंदवही पाहिली आहे. अकरा, बारा आणि तेरा तारखांच्या नोंदींत एकही चूक नाही.

अठरा तारखेला दुपारी पाकीट उघडले. हेमावतीने स्वतः साड्या उचलून ते काढून दिले आणि खोलीबाहेर गेली. पडद्यावर वीस-बावीस चेहरे होते, त्यांत सोनमचा. आधी त्यांनी त्यांचा गोठवलेला निष्कर्ष वाचला: मोड आहे, उपकरणाचा दोष नाही, वस्तुमान ६.४, त्रुटी कमी-अधिक ०.१. मग मी सील फोडून कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

मग टाळ्या वाजल्या. टाळ्या रास्त होत्या. लपवलेला मोड त्यांनी नेमका शोधला होता, म्हणजे खरा असता तर तोही सुटला नसता. मीठ वजा केल्यावर आलेख पुन्हा गुळगुळीत झाला. स्टराइल न्यूट्रिनोचा मागमूस नाही, एवढेच आता पूर्वीपेक्षा जास्त काटेकोरपणे म्हणता येईल. शोधनिबंध चांगला होईल. प्रमुखांनी सोनमचे नाव घेऊन कौतुक केले. ती "थँक यू" म्हणाली आणि तिचा चौकोन काळा झाला.

वीस तारखेला, दहाव्याला, ती गावी पोचली. मी तेरावा उरकल्यावर पंचवीसला गेलो. घरापुढे लिंबाखाली ती बसली होती. केस आवरलेले, डोळे कोरडे. मेंढरे चरायला गेली होती आणि रिकाम्या वाघरीच्या काठ्या उन्हात उभ्या होत्या. मी शेजारच्या बाजेवर बसलो.

"सर," ती म्हणाली, "माझी चूक कुठे झाली ते मला सापडलं आहे. सांगू?"

"सांग."

"मोड दिसला तेव्हा मी मीठच धरलं होतं. साधं गणित आहे. मीठ असण्याची शक्यता निम्मी, आणि खरा कण या यंत्राला दिसण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. म्हणजे दिसलं ते मीठच. मी बॅग भरली होती, सर. तीन तारखेला."

"मग?"

"मग तुम्हाला फोन केला." ती जमिनीकडे पाहत होती. "तुम्ही म्हणालात, निर्णय तुझा. मी फोन ठेवला आणि विचार केला. अप्पांना तुम्ही रोज बघता. मीठ असतं तर तुम्हाला माहीत असतं की मी कशासाठीच थांबलेली नाही. आणि तरीही तुम्ही ये म्हणाला नाहीत, असं होण्याची शक्यता किती? मी शून्य धरली. सर दगड नाहीत, असं धरलं. मग एकच उरलं. मोड खरा आहे." ती थांबली. "मी बॅग रिकामी केली."

"ते उत्तर मी मुद्दाम तटस्थ दिलं होतं," मी म्हणालो. म्हणताना ते मला ऐकू आले.

"हो. पण दुसऱ्या कोणी दिलं असतं तर ते तटस्थ राहिलं असतं."

तिच्या गणितात चूक नव्हती. तिने गृहीत धरलेली एकच राशी चुकीची होती, आणि ती राशी मी होतो.

थोड्या वेळाने तिने विचारले, "अप्पांनी मला बोलवायला सांगितलं होतं का कधी? तुमच्याकडे?"

"नाही. बोलवू नका म्हणाले. हुडकायला गेलेल्याला हाक मारत नाहीत म्हणाले." मी थांबलो असतो तर चालले असते. त्या उत्तराने तिला थोडा आधार मिळाला असता. पण झाकून ठेवण्याचे माझे दिवस संपले होते. "सात तारखेला त्यांनी पलंग दाराकडे फिरवून घेतला. खिडकीतून ऊन येतं म्हणाले."

"कुठली खिडकी?"

"उत्तरेची."

तिने मान हलवली, नोंद झाली अशी. मग दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि वाकून बसली. आवाज आला नाही. मी हात पुढे केला नाही. तो माझा अधिकार राहिलेला नव्हता.

केराबाई चहा घेऊन आल्या. मुलीकडे पाहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारले, "सर, घावलं का मग हिला ते? ह्ये शेवटाला बी त्येच इचारत व्हते."

मी तोंड उघडले, पण सोनम आधी बोलली. तिने चेहरा वर केला होता.

"न्हाय, आई. तितं काय नव्हतंच."

"मग येवढं दीस काय हुडकत व्हतीस गं?"

"सरांनी ठेवलेलं," ती म्हणाली.

केराबाईंना ते कळले नसावे. कळले असेल तर त्यांनी तसे दाखवले नाही. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "घ्या सर, निवंल," त्या म्हणाल्या. मी कप उचलला. चहा गोड होता. मी तो पूर्ण प्यालो, कारण त्या घरात मला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.